टेकूंची कुरकुर आणि माणसांची

स्लॅब भरताना वर पंधरा-वीस माणसं असतात आणि खाली, टेकूंच्या दाटीत, एखाद-दुसरा सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबचा साचा आणि टेकू उभे करणारा. वरच्यांच्या कानावर पंपाची धडधड, व्हायब्रेटरची घरघर आणि एकमेकांना मारलेल्या हाका यापलीकडे काही पडत नाही. खालच्याला वेगळंच ऐकू येतं. पाचर जराशी सरकली की लाकूड ‘कट्’ करतं. प्लायच्या सांध्यातून एकाएकी जास्त पाणी गळायला लागतं. एखादा टेकू दोन बोटं वाकलेला दिसतो, नाहीतर त्याच्या बुडाखालची फळी भरावाच्या मातीत बसायला लागलेली असते. १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं ओलं काँक्रीट दर चौरस मीटरला साधारण ३७५ किलो भरतं. पाइपातून एकाच जागी अर्धा मीटर उंचीचा ढीग पडला, की तिथला भार सव्वा टनावर जातो. टेकू बसवताना स्लॅबच्या जाडीचा, माणसांचा आणि अवजारांचा हिशेब केलेला असतो, ढिगाचा नसतो. खालच्या माणसाने हा हिशेब कधी मांडलेला नसेल, पण टेकू बोलायला लागला हे त्याला इंजिनीअरच्या आधी कळतं.

त्याला कळलं, हे ठीक. मग पंप बंद व्हायला किती वेळ लागतो? बऱ्याच साइटवर वाट अशी असते: सेंट्रिंगवाला वर जाणार, मुकादमाला शोधणार, मुकादम सुपरवायझरला सांगणार, सुपरवायझर इंजिनीअरला फोन लावणार आणि इंजिनीअर “थांब, मी येऊन बघतो” म्हणणार. ताशी ३० घनमीटर टाकणारा पंप मिनिटाला अर्धा घनमीटर, म्हणजे सव्वा टन माल वर ढकलतो. चार मिनिटांत पाच टन. म्हणून खाली उभ्या असलेल्या माणसाकडे शिट्टी, घंटा किंवा वॉकीटॉकी हवी आणि तिचा आवाज थेट पंप ऑपरेटरपर्यंत पोचायला हवा. मधे कोणाचीही परवानगी नको. शिट्टी वाजली की पंप बंद, कारण नंतर विचारायचं. दहापैकी नऊ वेळा काही निघणार नाही, आणि त्या नऊ वेळांबद्दल त्याला एक शब्दही कोणी बोलायचा नाही. हे भरणी सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर सांगितलेलं असलं तरच तो दहाव्या वेळी शिट्टी वाजवतो. आणि एक गोष्ट लोक विसरतात: शिट्टी वाजवल्यावर त्याने स्वतः आधी बाहेर पडायचं. हलणारा टेकू भरणी चालू असताना खाली जाऊन ठोकत बसणं, हा माणसं गाडली जाण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

‘कामगारांचं ऐका’ हे वाक्य फलकांवर भरपूर लिहिलेलं असतं. अडचण अशी की कामगार सुरक्षेच्या भाषेत बोलतच नाहीत. “साहेब, इथे उंचीवरून पडण्याचा धोका संभवतो” असं कोणी म्हणत नाही. ते म्हणतात, “हा पाइप आडवा येतो.” “बेल्टने काम होत नाही.” “खाली पाय रुततात.” “स्विच सारखा पडतो.” ही सगळी कामाबद्दलची कुरकुर असते आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ती आळसासारखी लागते. माझ्या मते साइटवरची सुरक्षेची बहुतेक माहिती याच कुरकुरीतून येते. जिथे फक्त ‘धोका’ हा शब्द ऐकायला कान लावलेले असतात, तिथे ती हातची निसटते.

“हा पाइप आडवा येतो” हेच घ्या. प्लास्टरवाला परांचीवर उभा राहून हे म्हणत असेल, तर तो बहुधा टायबद्दल बोलतोय. परांची इमारतीला धरून ठेवणारा आडवा पाइप भिंतीच्या ज्या भागातून जातो, तिथे त्याला थापी फिरवता येत नाही. आज तो तक्रार करतोय. उद्या कपलर, म्हणजे पाइप जोडणारी पकड, सैल करून पाइप बाजूला करेल, प्लास्टर मारेल आणि तो पाइप परत लावणं हे कोणाचंच काम नसेल. एक टाय गेला तर काही होत नाही. खालून वर प्लास्टर सरकत गेलं की एकामागून एक टाय जातात. त्यात परांचीला धूळ अडवायची जाळी बांधलेली असेल तर ती वारा धरते, आणि एक दिवस अख्खी परांची भिंतीपासून सुटते. मग चौकशीत लिहिलं जातं: ‘कामगारांनी विनापरवाना टाय काढले.’ ते खरंच असतं. पण प्लास्टरवाल्याने तीन आठवडे आधी सांगितलं होतं की तो काढणार आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. तेव्हाच ऐकलं असतं तर टाय खिडकीच्या पोकळीतून घेता आला असता, किंवा भिंतीत अँकर ठेवून नंतर फक्त छोटं भोक बुजवता आलं असतं, किंवा जुना टाय काढण्याआधी शेजारी नवा बसवण्याचा क्रम परांचीवाल्याबरोबर ठरवता आला असता. परांचीला हात लावायचा तो परांचीवाल्यानेच, हा नियम तेव्हाच टिकतो जेव्हा बोलावल्यावर परांचीवाला तासाभरात येतो. दोन दिवसांनी येणार असेल तर पाना प्लास्टरवाल्याच्या खिशात असतोच.

बेल्टचंही तसंच. सेफ्टी बेल्ट, म्हणजे आता फुल बॉडी हार्नेस, न लावणारा कामगार हा साइटवरचा सर्वांत जास्त ओरडा खाणारा माणूस. त्याला ‘का लावत नाहीस’ असं विचारलं तर तो गप्प बसतो. ‘कुठे अडकवायचा ते दाखव’ म्हटलं की बोलायला लागतो. स्लॅबच्या कडेला सळई बांधताना हुक अडकवायला डोक्यावर काहीच नसतं. मग तो पायाशी, उभ्या सळईला अडकवतो. आता हिशेब करा. दोरी १.८ मीटर. झटका शोषणारी पट्टी उलगडते ती आणखी मीटरभर किंवा त्याहून थोडी जास्त. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय मीटरभर मोकळी जागा. म्हणजे हुकाच्या जागेपासून खाली साधारण साडेपाच मीटर मोकळे असायला हवेत. तो चार मीटर उंचीवर काम करत असेल तर बेल्टने त्याला पुरतं अडवण्याआधीच तो जमिनीवर असेल. ‘या बेल्टचा उपयोग नाही’ असं तो म्हणतो तेव्हा त्या जागेपुरतं त्याचं म्हणणं बरोबर असतं! तिथे कडेला कठडा हवा, नाहीतर खाली जाळी हवी, नाहीतर दोरी इतकी आखूड हवी की कडेपर्यंत पोचताच येऊ नये.

दुसरी तक्रार: “हलता येत नाही.” एका हुकाचा बेल्ट असेल तर दर दीड-दोन मीटरला तो काढून पुढे लावावा लागतो आणि नेमक्या त्या क्षणी माणूस मोकळा असतो. दोन हुकांची दोरी द्या, किंवा आडवी लाइफलाइन, म्हणजे हुक सरकत राहील अशी दोरी, ताणून द्या. ही लाइफलाइन टोळीतला कोणी ‘अशीच’ बांधू शकत नाही. ती पडणाऱ्याच्या वजनाने मधे खूप झोळ घेते आणि टोकांच्या अँकरवर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते, म्हणून ती हिशेब करूनच लावायची. तिसरी तक्रार बायकांची असते आणि फार कमी वेळा कोणाच्या कानावर जाते: हार्नेस पुरुषांच्या मापाचा असतो, मांडीचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळले तरी सैल राहतात. सैल पट्ट्यात पडलेली व्यक्ती एक तर निसटते, नाहीतर तो पट्टा नको तिथे बसतो. ‘मावशी, बेल्ट नीट घाला’ असं रोज सांगण्यापेक्षा लहान मापाचे चार हार्नेस मागवणं सोपं आहे. पण त्यासाठी त्यांना कोणीतरी विचारावं लागतं, आणि विचारणारा बहुधा पुरुष असतो, हीही अडचण आहेच. बाईच्या टोळीशी बाईने बोललेलं बरं.

धोका कमी करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी धोका मुळातून काढा, नाही जमलं तर कमी धोक्याची पद्धत वापरा, मग कठडे-जाळ्या-आच्छादनं, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधनं. हेल्मेट, हातमोजे, बेल्ट यांच्याबद्दलची कुरकुर ही बहुतेक वेळा वरच्या पायऱ्या गाळल्याची खूण असते. हातमोज्यात सळई धरता येत नाही म्हणणाऱ्याला वेगळे हातमोजे द्याच, पण सळई हाताने का वाहावी लागते हेही बघा.

चर खोदताना बोलणारा माणूस आणखी वेगळा. खोदणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरला बकेटमधून जमीन कळते. इथवर कडक मुरूम होता, आता बकेट लोण्यासारखी जातेय, म्हणजे इथे पूर्वी कोणीतरी खोदून भराव टाकलाय, शेजारून जुनी पाइपलाइन गेली असावी. हे तो चहाच्या वेळी सहज बोलून जातो. चरात उतरलेला बिगारी म्हणतो, “खाली पाय रुततात,” म्हणजे तळाला पाणी पाझरायला लागलंय. “वरून खडे पडतात,” म्हणजे कड सुटायला लागलीय. काठाला समांतर गेलेली केसाएवढी भेग वर उभ्या असलेल्याला दिसते, खालच्याला नाही. मातीचा एक घनमीटर दीड ते दोन टनांचा असतो. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरतो, कारण सोडलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर माती आवळत जाते. अमेरिकेच्या नियमात सुमारे दीड मीटर खोलीपासून उतार, आधाराच्या फळ्या किंवा ट्रेंच बॉक्स (चराच्या भिंती धरून ठेवणारी तयार चौकट) लागतो, अपवाद फक्त सलग खडकाचा. काढलेली माती काठापासून किमान ६० सेंटिमीटर लांब आणि शिडी माणसापासून साडेसात मीटरच्या आत. हे आकडे पाठ करण्याजोगे आहेत, पण ते कालच्या जमिनीसाठी असतात. रात्री पाऊस झाला, शेजारून डंपर जायला लागले, पंप बंद पडून पाणी साचलं, की जमीन बदलते. तो बदल सर्वांत आधी ज्याला जाणवतो तो चरात उभा असतो आणि त्याचा रोजगार फुटावर मोजला जातो.

पैशाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. चौरस मीटरवर, फुटावर, टनावर काम घेतलेली टोळी दर वेळी थांबते तेव्हा तिच्या खिशातून पैसे जातात. अशा टोळीला ‘धोका वाटला तर काम थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे’ असं सांगणं म्हणजे स्वतःच्या पैशाने आमची सुरक्षा सांभाळा असं सांगणं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम-सुरक्षेच्या करारात, म्हणजे क्रमांक १६७ मध्ये, जवळ आलेल्या गंभीर धोक्यापासून दूर होण्याचा कामगाराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. सुरक्षेवर परिणाम करणाऱ्या कामाच्या पद्धतींबद्दल मत मांडण्याचा हक्कही आहे. पण हक्क वापरल्यावर दिवसाच्या शेवटी हिशेब कसा होतो, यावर सगळं अवलंबून. थांबलेला वेळ नोंदवहीत लिहायचा आणि त्याचे पैसे टोळीच्या सरासरी कमाईने द्यायचे, हे कंत्राटातच लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी कामाच्या रकमेत वेगळी तरतूद ठेवली तर सुपरवायझरलाही ‘कोणाच्या खात्यातून’ हा प्रश्न पडत नाही. जिथे उपकंत्राटाखाली उपकंत्राट आहे तिथे ही ओळ शेवटच्या टोळीच्या करारापर्यंत पोचली का, ते तपासायला हवं. ती सहसा दुसऱ्या पायरीवर गळते.

ऐकलेलं योग्य जागी पोचलं नाही तर काय होतं, याचं एक जुनं आणि भयंकर उदाहरण कॅनडातलं आहे. सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकजवळ लोखंडी पूल उभा राहत होता. १९०७ च्या उन्हाळ्यात साइटवरचा तरुण तपासनीस नॉर्मन मॅक्ल्युर कळवत होता की खालच्या मुख्य पट्ट्या वाकलेल्या दिसतात आणि त्यांच्या कडा एकमेकींना जुळत नाहीत. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये होता, तब्येतीमुळे तो साइटवर येत नव्हता. पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १६०० फुटांवरून १८०० फूट केला होता, तरी पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नव्याने नीट झालेला नव्हता. पट्ट्यांची रचनाही कच्ची होती, त्या भार सोसत नव्हत्या. पण वाक कारखान्यातूनच आलाय की पुलावर वाढतोय, यावर पत्रव्यवहार चालू राहिला. ऑगस्टच्या शेवटी एका पट्टीतला वाक दोन आठवड्यांत पाऊण इंचावरून सव्वादोन इंच झाल्याचं मोजलं गेलं, तेव्हा मॅक्ल्युर स्वतः न्यूयॉर्कला निघाला. २९ ऑगस्टला कूपरने त्याचं ऐकलं आणि पुलावर आणखी भार टाकू नका अशी तार केली. ती तार पेनसिल्व्हेनियात पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेली, साइटवर नाही. त्याच संध्याकाळी, काम सुटायच्या सुमारास, पूल नदीत कोसळला. पुलावरच्या ८६ माणसांपैकी ७५ मेली. त्यातले ३३ जण माँट्रियलजवळच्या कानावागे वस्तीतले मोहॉक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, होते, उंचीवरच्या लोखंडी कामात तरबेज असलेले.

या घटनेत निरोप देणारा होता, मोजमाप होतं, शेवटी ऐकणाराही होता. पण काम थांबवण्याचा निर्णय ज्याच्याकडे होता तो शेकडो किलोमीटर लांब, आणि पुलावर उभ्या असलेल्यांपैकी कोणाकडेही तो नव्हता. आज फोन आहेत, फोटो क्षणात जातात. तरीही ‘वरून सांगितल्याशिवाय थांबवू नका’ ही पद्धत ज्या साइटवर आहे, तिथे ती तार अजून चुकीच्या पत्त्यावरच जाते.

ऐकलं जाऊ नये अशी व्यवस्था आकडेवारीतूनही तयार होते. १९३१ साली अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिकने मांडलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात. हा आकडा अनेक दशकं प्रशिक्षणांत फिरत राहिला, अजूनही फिरतो. त्याच्या हाताखालची कागदपत्रं होती विम्याचे दावे आणि कारखान्यांचे अहवाल, म्हणजे मुख्यतः मालक आणि सुपरवायझर यांच्या बाजूने लिहिलेली. ज्याचा हात गेला त्याला विचारून ते कागद भरलेले असते तर टक्केवारी काय आली असती, हा प्रश्न मला त्या आकड्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याचंच आजचं रूप म्हणजे फाटकावरचा ‘इतके दिवस अपघाताविना’ हा फलक, आणि त्यावर लावलेलं बक्षीस. महिनाभर अपघात झाला नाही तर सगळ्यांना काहीतरी मिळणार असेल, तर अठ्ठाविसाव्या दिवशी ज्याच्या पायात खिळा घुसला तो पाय झाकूनच ठेवतो. टोळीतले बाकीचेच त्याला तसं सांगतात. बक्षीस द्यायचंच असेल तर थोडक्यात टळलेल्या घटना सांगण्याला द्या. वरून कपलर पडला, कोणाला लागला नाही. क्रेनचा स्लिंग, म्हणजे माल उचलायचा पट्टा, घसरला, माल जागेवर बसला. डक्टवरचं, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवरचं, प्लाय पाय ठेवताच सरकलं. अशा नोंदी पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाढत गेल्या पाहिजेत. शून्य नोंदी असलेला महिना आला तर घाबरावं.

विचारायचं कसं, याला थोडं कसब लागतं. सकाळी सगळ्यांना गोळा करून दहा मिनिटांचं टूलबॉक्स टॉक होतं, त्यात साडेनऊ मिनिटं सुपरवायझर बोलतो आणि शेवटी “काही अडचण?” विचारतो. उत्तर ठरलेलं: “नाही साहेब.” पन्नास जणांत, मुकादमासमोर, वेगळं उत्तर येणारच नाही, कारण उद्या त्याला कामावर घ्यायचं की नाही हे मुकादम ठरवतो. चार-सहा जणांच्या टोळीशी, त्यांच्या कामाच्या जागी, त्यांच्या भाषेत बोललं तर चित्र बदलतं. प्रश्न कामाबद्दल हवेत. काल हे करताना कुठे थांबावं लागलं? आज कोणतं सामान कमी आहे? काय काढल्याशिवाय किंवा सैल केल्याशिवाय हे काम होतच नाही? कालपेक्षा आज या जागेत काय वेगळं आहे? हे काम उद्या नव्या पोराला एकट्याला देशील का, आणि नसशील तर का नाही? हा शेवटचा प्रश्न विचारला की जुना मिस्त्री स्वतःबद्दल जे कधीच कबूल करणार नाही ते सगळं बोलून जातो, कारण तो आता दुसऱ्याची काळजी करत असतो.

ज्यांना कोणी विचारत नाही त्यांची यादी मोठी आहे. हॉइस्ट, म्हणजे साइटवरची लिफ्ट, चालवणाऱ्याला माहीत असतं कोणत्या मजल्याचं दार नीट लागत नाही आणि कोण ते तारेने बांधून ठेवतं. रात्रीच्या वॉचमनला माहीत असतं डक्टवरची कोणती झाकणं लोक उचलतात. सफाई करणाऱ्याला खिळे वर असलेल्या फळ्या कुठे पडतात ते माहीत असतं. कालच आलेल्या माणसाला, अजून डोळे सरावले नसल्याने, जिन्याला कठडा नाही हे दिसतं. बाकीच्यांना ते दिसायचं बंद झालेलं असतं. तोच नवा माणूस सर्वांत जास्त धोक्यातही असतो आणि सर्वांत कमी बोलतो. त्याला पहिल्या आठवड्यात दोनदा बाजूला घेऊन विचारावं.

क्रेनच्या सिग्नलमनकडून एक पद्धत सगळ्यांनीच उचलावी. माल नजरेआड उतरवायचा असतो तेव्हा तो वॉकीटॉकीवर सतत बोलत राहतो: “खाली… खाली… खाली…” आवाज थांबला की ऑपरेटर थांबतो. बॅटरी गेली असेल, सिग्नलमन घसरला असेल, दुसरं कोणी चॅनेलवर आलं असेल, काहीही असो. तिथे गप्प राहण्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा कधीच घेत नाहीत. एकाच चॅनेलवर दोन क्रेन असल्याची तक्रार सिग्नलमनने केली, तर ती त्याच दिवशी निकालात काढायला हवी.

“स्विच सारखा पडतो” ही तक्रारही अशीच. ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर वारंवार पडतोय म्हणजे कुठेतरी वीज गळतेय: पाण्यात पडलेला केबलचा जोड, व्हायब्रेटरची फाटलेली वायर, ग्राइंडरमध्ये साचलेली ओली धूळ. काम खोळंबतं म्हणून इलेक्ट्रिशियनवर दबाव येतो आणि तो ब्रेकर वगळून थेट जोड देतो. त्यानंतर कोणी “मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात” म्हणालं, तर पुढची पायरी मृत्यूचीच. यंत्रं एकेक करून वेगळी करा, ज्याने ब्रेकर पडतो ते बाजूला काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता उलट बाजू. कामगार म्हणतो ते नेहमी बरोबर असतं असं नाही, आणि काही ठिकाणी त्याच्या अनुभवावर विसंबणं घातक असतं. नव्या बांधलेल्या पाण्याच्या टाकीतलं सेंट्रिंग काढायचं काम त्यातलं. टाकी बंद, वर फक्त माणूस जाईल एवढं भोक, आत कित्येक दिवस ओलं लाकूड. ते कुजताना हवेतला ऑक्सिजन संपवतं. बाहेर २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली आत जायचं नाही असा संकेत आहे. दहाच्या खाली माणूस काही मिनिटांतच कोसळतो, पाच-सहा टक्क्यांवर मिनिटभराच्या आतच. ऑक्सिजन कमी झाल्याचा वास येत नाही, घुसमटही जाणवत नाही. “शंभर वेळा उतरलोय” हे खरं असतं आणि त्याचा एकशेएकाव्या टाकीशी काही संबंध नसतो. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचं तर आणखी वाईट: १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं, म्हणजे “आता वास गेला” हे सुटकेचं नव्हे, धोका वाढल्याचं लक्षण असू शकतं. इथे गॅस मीटर दोरीने सोडून वर, मधे, तळाशी मोजायचं, पंख्याने हवा खेळवायची, बाहेर एक माणूस आणि तिपाई-दोरी ठेवायची. आतला पडला तर बाहेरच्याने उतरायचं नाही. एकामागून एक तिघं-चौघं मरतात ते असेच. पण आज टाकी उघडणार आहे हे इंजिनीअरला कळतं कुठून? “आज टाकीचं सेंट्रिंग काढून टाकतो” असं कोणीतरी जाता जाता म्हणतो तिथून. ते वाक्य कानावर पडल्यावर त्याला थांबवणारं कोणी हवं.

ऐकल्यावर पुढे काय, यावर पुढचं ऐकायला मिळणार की नाही हे ठरतं. लहान गोष्ट त्याच दिवशी झाली पाहिजे: दिवा, झाकण, शिडीची तुटलेली पायरी. मोठ्या गोष्टीला तारीख द्या. होणार नसेल तर तोंडावर नाही म्हणा आणि कारण सांगा. लोकांना नकार पचतो, विरघळून गेलेला होकार पचत नाही. वही साधी ठेवावी: जागा, अडचण, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं की नाही ते त्याला विचारून. तक्रारपेटी लावणार असाल तर तिची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, एवढं लक्षात असू द्या. ज्यांना लिहिता येत नाही किंवा साइटची भाषा येत नाही, त्यांच्यासाठी मोबाइलवर बोलून पाठवलेला निरोप बरा पडतो, मात्र तो ऐकणाऱ्याला ती भाषा यायला हवी.

आणि अपघात झालाच तर चौकशीची सुरुवात ‘त्याने बेल्ट का लावला नव्हता’ इथून करू नये. शक्यतो त्याच दिवशी, एकेकट्याला, मुकादम आणि ठेकेदार जवळ नसताना, सही न घेता विचारावं: त्याच कामावरचे बाकीचे चौघं आपापले बेल्ट कुठे अडकवत होते? तेही पायाशीच अडकवत असतील, किंवा कुठेच नसतील, तर अहवालातल्या ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ या रकान्यात लिहायला फारसं काही उरत नाही, आणि चौकशी स्लॅबच्या कडेला कठडा का नव्हता याकडे वळते.